लाज कुणाची धरावी?



यंदाच्या वारीत सासवडच्या मुक्कामी आमच्या दिंडीत एक प्रश्न निघाला. प्रश्न तसा लहान, चहाच्या घोटाबरोबर विसरून जावा एवढाच. पण तो माझ्याबरोबर पंढरपूरपर्यंत चालत आला आणि घरी परतल्यावरही जाईना. म्हणून आज तो तुमच्यापुढे ठेवतो. तुम्हीही वारकरी आहात. तुमच्या दिंडीतही तो कधी ना कधी निघाला असेल, नसेल तर निघेल.

पुण्याहून सासवडचा टप्पा किती लांब आणि अवघड हे चाललेल्याला सांगायला नको. त्यात दिवे घाट. घाट चढून वर आलो तेव्हा पायांत जीव उरला नव्हता. जो तो मिळेल त्या सावलीला टेकला. आमच्या दिंडीत यंदा एक नवे जोडपे होते. लग्नाला वर्षही झालेले नव्हते. लग्न दोघांनी आपल्या पसंतीने केलेले, हेही दिंडीत सर्वांना ठाऊक होते. चालताना तो टाळकऱ्यांच्या ओळीत असे आणि ती मागे तुळशीवाल्या बायांबरोबर. त्यात काही खोट नव्हती. पण त्या दिवशी विसाव्याला ती लंगडत आली आणि रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसली. हा पुढून धावत आला. खाली मातीतच मांडी घातली, तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला, बाटलीतले पाणी घालून धुतला, फोडावर उपरण्याची चिंधी फाडून बांधली. बांधता बांधता तो काहीतरी म्हणाला आणि दोघेही हसू लागले. मग तिने पिशवीतून केळे काढले, अर्धे त्याला दिले, अर्धे आपण खाल्ले. बस्स. एवढेच घडले.

पण रस्ता वाहत होता. शेकडो माणसे शेजारून जात होती. कुणी पाहून पुढे गेले, कुणी मुद्दाम मागे वळून पाहिले. आमच्याच दिंडीतल्या एका पोराने मोबाइल काढून फोटो घेतला. त्या दोघांचे मात्र कुणाकडेच लक्ष नव्हते.

संध्याकाळी समाजआरती झाल्यावर राहुटीत कुजबुज सुरू झाली. एक म्हणाले, "वारी आहे का बगीचा आहे हा?" दुसरे म्हणाले, "आमच्या म्हाताऱ्या आयाबाया चालतात दिंडीत. काय वाटेल त्यांना?" तिसऱ्याने समजुतीचा सूर लावला, "पोरं आहेत, पण लोकं बघतात ना!" शेवटी दिंडीचालक महाराज मला म्हणाले, "गुरुजी, तुम्ही वडीलधारे. सकाळी दोघांना दोन शब्द सांगा."

मी "बरं" म्हणालो. जन्मभर शाळेत दोन शब्द सांगतच आलो आहे. त्यात अवघड ते काय?

अंथरुणावर पडल्यावर मात्र ते दोन शब्द कोणते, हे सापडेना. "असे करू नका" म्हणावे, तर काय करू नका? पाय धुऊ नका? संतांचे पाय धुतलेले चालतात, पाहुण्याचे चालतात, वारीत तर कुणीही कुणाच्या पायावर डोके ठेवतो. मग बायकोचा दुखरा पाय धुतला तर कोणता धर्म बुडाला? "लोक बघतात," एवढेच कारण उरत होते. आणि ते कारण आपल्या तोंडी शोभते का, हाच खरा प्रश्न होता.

माऊली, विचार करा. लोक बघतात म्हणून आपण काय काय सोडले असते तर वारी झाली असती का? जो माणूस गावात चारचौघांत बोलताना अडखळतो, तो रिंगणात उड्या मारतो. हापिसात ज्याच्या सहीवाचून कागद हलत नाही, तो इथे पावसात भिजत फुगडी घालतो. ज्या बाईने दारातल्या माणसासमोर कधी मान वर केली नाही, ती डोक्यावर तुळस घेऊन राजरस्त्याने गात चालते. जनाबाईंचा तो अभंग तुम्ही कीर्तनात किती वेळा ऐकला असेल, ज्यात त्या पदराची पर्वा न करता भर बाजारात जायला निघतात. तेव्हा आपण डोलतो, डोळे पुसतो. देवावरच्या प्रेमात लोकलाज टाकली तर ती भक्ती, आणि माणसावरच्या प्रेमात टाकली तर तो निर्लज्जपणा, असा आपला सोयीचा हिशेब आहे.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, दोन्ही एका पारड्यात कसे घालता? देवाचे प्रेम वेगळे, संसाराचे वेगळे." खरे आहे, वेगळे आहे. पण ते वेगळेपण कुठे आहे, हे नीट पाहिले पाहिजे. म्हणून आपण आपल्याच घरातली गोष्ट पाहू. आई रखुमाईची.

भागवताच्या दशम स्कंधात रुक्मिणीहरणाची कथा आहे. नाथबाबांनी काशीत बसून तिच्यावर 'रुक्मिणी स्वयंवर' लिहिले, 18 प्रसंगांचे. आजही कितीतरी घरांत मुलीचे लग्न जमावे म्हणून तिला या पोथीचे पारायण करायला बसवतात. आता यातली गंमत पाहा. त्या पोथीत आहे काय? एका राजकन्येने मनाने वर निवडला आहे. भाऊ रुक्मी दुसरीकडे, शिशुपालाशी, लग्न ठरवतो. ती गप्प बसत नाही. एका ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला निरोप धाडते: मी तुम्हालाच वरले आहे, येऊन मला घेऊन जा. ज्या मुलीने असे पत्र लिहिले तिची पोथी आपण आपल्या मुलीच्या हाती देतो, आणि आपल्या मुलीच्या हाती साधी चिठ्ठी सापडली तर घर डोक्यावर घेतो. रखुमाईला आई म्हणायचे आणि तिच्या धैर्याला मात्र घरात थारा नाही, हे कसे चालेल?

आणि ते हरण अंधारात, चोरवाटेने झालेले नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवता अंबिकेच्या देवळात ती पायी जाते. भोवती शस्त्रधारी पहारा. शिशुपालाच्या बाजूने जमलेले राजे रस्त्यावर डोळे लावून उभे. याहून मोठी 'लोकांची नजर' कोणती असेल? पूजा करून ती सखीचा हात धरून बाहेर येते, डाव्या हाताने कपाळावरचे केस बाजूला सारते आणि त्या गर्दीत एकालाच शोधते. भागवतकार सांगतात की तिच्या पाहण्यात लाज होती. हे मला फार महत्त्वाचे वाटते. लाज होती, पण भीती नव्हती. आणि सगळ्या राजांच्या डोळ्यांदेखत भगवंतांनी तिला रथावर घेतले.

पण तिच्या निरोपातला आणखी एक भाग आपण वाचतो आणि पुढे जातो. तिथे थांबले पाहिजे. देवाने अंतःपुरात शिरून आपल्याला न्यायचे, तर वाटेत आपलेच भाऊबंद मारले जातील, ही काळजी तिला आहे. म्हणून तीच उपाय सुचवते: देवीच्या यात्रेला मी नगराबाहेर येईन, तिथून न्या. पुढे रुक्मी पाठलाग करत येतो, हरतो, देव त्याच्यावर शस्त्र उचलतात, तेव्हा ज्या भावाने तिचे आयुष्य मोडायला काढले होते त्याच्याचसाठी ती देवाचे पाय धरून जीवदान मागते.

माऊली, मला वाटते, आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे. लोकलाज आणि मर्यादा या दोन गोष्टी आपण एकच समजतो, आणि तिथेच फसतो. लोकलाज विचारते, "कोण पाहते आहे?" मर्यादा विचारते, "कुणाला दुखते आहे?" रखुमाईने पहिला प्रश्न विचारलाच नाही, सगळे पाहत होते. दुसरा प्रश्न मात्र तिने क्षणभरही सोडला नाही, शत्रू झालेल्या भावाच्या बाबतीतही सोडला नाही. म्हणून तिचे प्रेम निश्चिंत आहे, पण बेपर्वा नाही. निश्चिंत माणसाला नावे ठेवणाऱ्यांची चिंता नसते. बेपर्वा माणसाला कुणाचीच चिंता नसते. दोघे लांबून सारखेच दिसतात. जवळ गेले की कळते.

आता दुसरी बाजू. कारण तुमच्यापैकी कुणी म्हणेल, "म्हणजे आता जो तो रस्त्यावर वाटेल ते करील आणि म्हणेल, आम्ही निश्चिंत!" ही शंका खोटी नाही. तिच्यासाठी गोकुळात गेले पाहिजे.

गोपींचे प्रेम सांगताना आपले कीर्तनकार सावध असतात, आणि असले पाहिजेत. भागवतातच राजा परीक्षिताने शुकांना उघड विचारले आहे की धर्माच्या रक्षणासाठी आलेल्या देवाने असे कसे केले? शुकांनीही बजावले आहे की ईश्वराच्या अशा चरित्राचे अनुकरण सामान्याने करायचे नसते. तेव्हा गोपी हा आपल्या वागण्याचा दाखला नव्हे. पण प्रेमाचे मर्म त्यांच्याकडून शिकता येते. नारदांनी भक्तिसूत्रांत परमप्रेमाचा दाखला म्हणून गोपींचेच नाव घेतले आहे.

रासाच्या त्या पाच अध्यायांत एक प्रसंग आहे. बासरी ऐकून गोपी हातातली कामे टाकून धावल्या. कुणाचे दूध उतू गेले, कुणाचा दागिना भलत्याच जागी घातला गेला. लोक काय म्हणतील हे त्यांच्या गावीही नव्हते. देव भेटले. आणि मग? मग त्यांच्या मनात आले की जगात आमच्यासारख्या आम्हीच. त्या क्षणी देव अदृश्य झाले. पुढे जिला देवाने एकटीला बरोबर नेले होते, तिलाही वाटले की सगळ्यांत लाडकी मीच. तिलाही देव दिसेनासे झाले.

पाहा, घर सोडून धावल्या तेव्हा देव गेले नाहीत. दागिने उलटे घातले तेव्हा गेले नाहीत. स्वतःकडे पाहू लागल्या तेव्हा गेले. प्रेमात लोकांचा विसर पडतो तो मुद्दाम पाडलेला नसतो. डोळ्यांत एकच भरलेला असतो, म्हणून दुसऱ्याला जागा उरत नाही. पण "आमचे प्रेम कसे दिसते?" असे मनात आले की डोळ्यांतून तो एक बाजूला सरतो आणि तिथे लोक येऊन बसतात.

म्हणून मी म्हणतो, लोकांना घाबरून प्रेम लपवणारा आणि लोकांनी पाहावे म्हणून प्रेम मांडणारा, दोघेही एकाच धन्याचे नोकर. दोघांचाही धनी 'लोक'. एक त्याला भिऊन असतो, दुसरा त्याच्याकडून बक्षीस मागतो. मोकळा दोघांतला कुणीच नाही. हल्ली पालखी सोहळ्यात, ऐन रिंगणाच्या वेळी घोड्याकडे पाठ करून फोटोसाठी उभी राहिलेली जोडपी दिसतात. एकमेकांच्या गळ्यात हात असतो आणि दोघांचीही नजर तिसरीकडे, मोबाइलकडे. पण त्यांना हसण्याआधी आपण आपल्याकडे पाहू. खरे सांगा, टाळ वाजवताना समोर कॅमेरा दिसला की आपली उडी जरा उंच जाते की नाही? माझी जाते. गंधसुद्धा आपण त्या दिवशी ठळक लावतो.

ज्ञानेश्वर माऊलींनी तेराव्या अध्यायात अदंभित्व समजावताना शेतकऱ्याचा दृष्टांत दिला आहे. शेतकरी पेरलेले बी मातीने झाकतो, तसा हा पुरुष आपले केलेले पुण्य झाकतो. शेतकरी बी का झाकतो? बियाची लाज वाटते म्हणून नव्हे. उघड्यावर राहिले तर पाखरे टिपतील, वाळून जाईल. झाकले तर रुजेल म्हणून. नवरा-बायकोच्या प्रेमाला जो आडोसा हवा, तो असा हवा, मातीचा. पाप लपवण्यासाठी पडदा ओढतात, तसा नव्हे. दोघांमधले काही सारे दोघांतच राहिले तर रुजते. आणि रुजले की अंकुर आपसूक वर येतो. तो कुणाला दाखवायला येत नाही आणि कुणी पाहते म्हणून परत मातीत जात नाही. दिवे घाटावर त्या रस्त्याच्या कडेला मी पाहिला तो अंकुर होता.

हे सगळे आता इतके सरळ लिहितो आहे, पण त्या रात्री राहुटीत मला यातले काहीही सुचलेले नव्हते. मी नुसता कूस बदलत होतो. आमची मंडळीही यंदा वारीत होती. गुडघे दुखतात, तरी हट्टाने आली. बायांच्या राहुटीत जाण्याआधी पाणी द्यायला आली होती, तेव्हा मी तिला म्हणालो, "सकाळी त्या दोघांना सांगायचंय." ती तांब्या ठेवत म्हणाली, "तुम्ही काय सांगणार त्यांना?" आणि गेली. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. पण बेचाळीस वर्षांपूर्वीची एकादशी माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

ती तोवर मी कुणाला सांगितलेली नव्हती. आज सांगतो.

आमच्या लग्नाचे दुसरे वर्ष. ही पहिल्यांदाच वारीला आली होती. कोरड्या मुलखातली मुलगी, तिने एवढे पाणी आणि एवढी माणसे एकत्र कधी पाहिली नव्हती. आषाढी एकादशीच्या पहाटे चंद्रभागेच्या स्नानाला निघालो. वाळवंटात पाय ठेवायला जागा नव्हती. तिने घाबरून माझा हात धरला. मागे आमच्या गावचीच चार माणसे होती. त्यातला एक मोठ्याने म्हणाला, "गुरुजी, सोडा की आता हात! पळून नाही जात ती!" सगळे हसले. माझे कान तापले. मी हात झटकला. नुसता सोडला नाही, झटकला. आणि आपण काही बायकोच्या पदराला बांधलेले नाही, हे दाखवायला चार पावले पुढे झालो.

तेवढ्यात गर्दीचा लोंढा आला. मागे वळून पाहतो तर ही नाही.

त्या वेळी मोबाइल नव्हते. मी नदीकाठ पालथा घातला, घाट पाहिले, धर्मशाळा पाहिल्या. भोंग्यावरून नाव पुकारून घेतले. आमच्या पिढीत पुरुष चारचौघांत बायकोला नावाने हाक मारीत नसे. घरातसुद्धा "अगं" म्हणायचे. तो मी, वाळवंटात हजारो माणसांमध्ये तिचे नाव घेऊन ओरडत फिरत होतो. रडत होतो. टोपी कुठे पडली तेही कळले नाही. आणि नवल सांगू? कुणीही हसले नाही. ज्यांनी सकाळी थट्टा केली होती तेच चौघे माझ्याबरोबर अनवाणी धावत होते.

दिवेलागणीला ती सापडली. महाद्वार घाटाच्या पायऱ्यांवर बसली होती. शेजारी कुठल्यातरी परजिल्ह्यातली एक म्हातारी वारकरीण, जिने तिला दिवसभर सोडले नव्हते, आपल्यातला राजगिऱ्याचा लाडू तिला खाऊ घातला होता. मला पाहून ही म्हणाली, "मी इथून हलले नाही. म्हटलं, हलले तर तुम्हाला सापडायची नाही." एवढेच. त्या दिवशीही नाही, नंतरही कधी नाही, तिने त्या झटकलेल्या हाताचा उच्चार केला नाही. फक्त त्या वर्षापासून गर्दीत ती माझा हात धरत नाही. माझ्या पिशवीचा बंद धरते. बेचाळीस वर्षे बंदच धरते आहे.

माऊली, मी तुम्हाला विचारतो. त्या पहाटे मी ज्याची लाज धरली ते 'लोक' होते कोण? चार माणसे. त्यांनी सहज थट्टा केली आणि ती घटकाभरात विसरून गेली. त्यांच्यासाठी मी काय झटकले? आणि संध्याकाळी जेव्हा खरोखर हजारो लोक पाहत होते, तेव्हा माझी लाज कुठे होती? सकाळी चार माणसांना भ्यालेला मी, संध्याकाळी हजारांना भ्यालो नाही. कारण सकाळी माझे लक्ष माझ्यावर होते, संध्याकाळी तिच्यावर होते.

पंढरीचीच कथा आठवा. रखुमाई रुसून द्वारकेहून निघाली आणि दिंडीरवनात येऊन बसली. देव तिला शोधत शोधत इथवर आले. तेव्हा द्वारकेचे लोक काय म्हणाले असतील, याचा देवांनी विचार केला असेल का? "राजा बायकोमागे रानोमाळ फिरतो" असे कुणी म्हटले नसेल? म्हटलेच असेल. देव तरीही आले. पुंडलिकाच्या भक्तीने ते विटेवर थांबले हे खरे, पण या कथेप्रमाणे त्यांचे पाऊल इकडे वळले ते रुसलेल्या रखुमाईच्या शोधात. ज्या गावाला आपण दरवर्षी धावत जातो, त्या गावाच्या मुळाशी बायकोला शोधत निघालेला एक नवरा आहे. हे आपण विसरतो आणि दुखरा पाय धुणाऱ्या पोराला विचारतो, "बगीचा आहे का हा?"

आणि पाहणाऱ्यांचे काय? आजवर या विषयावर जे बोलले जाते ते सगळे प्रेम करणाऱ्यांना उद्देशून. त्यांनी कसे वागावे, किती अंतर ठेवावे. पाहणाऱ्याने कसे पाहावे, हे कुणी सांगत नाही. आपण एकमेकांना माऊली म्हणतो. माऊली म्हणजे आई. आईसमोर लेक-जावई हसत बसले असतील तर आई काय करते? बरे वाटते तिला. पाहते, आणि काहीतरी काम काढून आत जाते. पाहूनही न पाहिल्यासारखे करण्यात आईचे मोठेपण असते. आणि तीच आई, कुणाच्या अंगावर हात उगारलेला दिसला तर मात्र न पाहिल्यासारखे करीत नाही, आडवी पडते. आपले उलटे झाले आहे. नवरा बायकोवर रस्त्यात खेकसला तर आपण म्हणतो, "त्यांच्या घरचा मामला," आणि मान फिरवतो. त्याने तिचा पाय मांडीवर घेतला की तो गावाचा मामला होतो. वारकऱ्याने नजर कुठे वळवावी आणि कुठे रोखावी, याचाही अभ्यास केला पाहिजे. गळ्यात माळ घातली की ती डोळ्यांनाही लागू होते.

दुसऱ्या दिवशी सासवडलाच मुक्काम होता. सोपानकाकांच्या समाधीचे दर्शन घेऊन मी त्या दोघांकडे गेलो. ती पाय पसरून बसली होती, तो कपडे वाळत घालत होता. मला पाहून दोघे उठू लागली. मी पोराच्या हाती खोबरेल तेलाची बाटली दिली आणि म्हणालो, "फोड आपण होऊन फोडू नका. रात्री तेल लावा आणि उद्या जाड मोजे घाला." मग विचारले, "काल घाटावर लोक बघत होते, तुम्हाला काही वाटलं नाही?" दोघांनी एकमेकांकडे पाहिले. पोरगी गोंधळून म्हणाली, "कोण बघत होतं, बाबा? आम्हाला कळलंच नाही."

मला जे पाहायचे होते ते पाहून झाले. मी एवढेच सांगितले की चालताना ओळी सोडू नका. ती दिंडीची शिस्त आहे. ती लोकांच्या भीतीने घातलेली नाही, सगळ्यांचे चित्त नामावर राहावे म्हणून आहे. विसाव्याला मात्र कुठेही बसा. "हो बाबा," दोघेही म्हणाले. ओळी त्यांनी आधीही सोडल्या नव्हत्या, पुढेही सोडल्या नाहीत.

फोटो काढणाऱ्या पोराला मी बाजूला घेतले. त्याने तो गावच्या ग्रुपवर पाठवायला ठेवला होता. म्हणालो, "बाळा, पेरलेलं बी उकरून पाहू नये." त्याने माझ्यासमोर फोटो पुसला. आणि रात्री राहुटीत महाराजांनी विचारले, "काय गुरुजी, सांगितलेत का?" मी म्हणालो, "सांगितलं. पण त्यांना थोडं, आपल्याला जास्त सांगायचं राहिलंय." मग ती एकादशीची गोष्ट पहिल्यांदा तिथे सांगितली. "वारी आहे का बगीचा" म्हणणारे आमचे माळकरी बुवा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "आमच्या घरच्यांना जाऊन चार वर्षं झाली. त्यांचा पाय कधी हातात घेतला नाही मी." त्यानंतर कुणी तो विषय काढला नाही.

शेवटची एक गोष्ट. एकादशीला आम्ही चंद्रभागेवर गेलो. तीच गर्दी, तोच घाट. हिने सवयीने माझ्या पिशवीचा बंद धरला. मी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि हात पुढे केला. तिने आधी इकडेतिकडे पाहिले. बेचाळीस वर्षांपूर्वी मी पाहिले होते तसेच. लोकलाज मी तिला शिकवली होती. ती इतकी पक्की बसली होती. म्हणाली, "अहो, लोक आहेत." मी म्हणालो, "असू देत. तेही आपल्यासारखेच दर्शनाला आलेत." मग तिने हात धरला. वाळूत तिचा गुडघा अडखळत होता, म्हणून घट्ट धरला. पाण्यापर्यंत आम्ही सावकाश गेलो. कुणी पाहिले की नाही, मला माहीत नाही.

वाचक माऊली, तुमच्या घरात कुणाचा तरी हात कधीतरी झटकला गेला असेल. लोकांच्या भीतीने, नुसत्या सवयीने, नाहीतर आपण कुणीतरी मोठे आहोत अशा समजुतीने. पुढच्या वारीपर्यंत थांबू नका. आणि रस्त्यात कुणी कुणाचा हात धरून चाललेले दिसले, आणि त्यात कुणाला दुखत नसेल, तर मनातल्या मनात राम कृष्ण हरी म्हणा आणि पुढे चला. लाज धरायचीच असेल तर ती झटकलेल्या हाताची धरावी. धरलेल्या हाताची कशाला?

राम कृष्ण हरी.